झाकणभर वाईन

माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत वरच्या न्यायालयातून खास माझ्यासाठी म्हणून एकच कागद आला. एरवी कागद कचेरीच्या नावानं यायचे आणि टेबलाटेबलांवरून फिरत फिरत माझ्यापाशी पोचायचे. या कागदावर मात्र 'संबंधित अनुवादक' असं लिहिलेलं होतं, आणि आमच्या कोर्टात अनुवादक मी एकटीच. आत विचारलं होतं ते एवढंच: अमुक अपिलाच्या इंग्रजी कागदपत्रांत, साक्षीदार क्रमांक चारच्या साक्षीत, 'आरोपीने झाकणभर वाईन घेतली' असं वाक्य आहे. मूळ साक्षीत कोणता शब्द आहे आणि त्याचं भाषांतर 'वाईन' असं कशाच्या आधारे केलं, याचा खुलासा आठ दिवसांत पाठवावा.

कोर्ट कोणत्या गावचं ते सांगत नाही. जिल्हा यवतमाळ, एवढं पुरे. माणसांची नावंही मी बदलली आहेत.

कोर्टात नोकरीला होते म्हटलं की लोकांना वाटतं, बाई वकील असतील नाहीतर टायपिस्ट. माझं काम या दोन्हींच्या मधलं. खालच्या कोर्टात साक्षी होतात त्या मराठीत. निकालावर अपील झालं की ते कागद वरच्या कोर्टात जातात आणि तिथं कामकाज इंग्रजीत चालतं. म्हणून साक्ष, पंचनामा, जबाब, चिठ्ठ्या, कधी प्रेमपत्रंसुद्धा, सगळं इंग्रजीत करून, खाली 'भाषांतर बरोबर आहे' असं लिहून सही करायची. वरचे न्यायमूर्ती साक्षीदाराचं तोंड पाहत नाहीत. त्यांच्यापुढं फक्त माझी वाक्यं असतात.

आणि आमच्याकडचे साक्षीदार काही पुस्तकातलं मराठी बोलत नाहीत. माझ्या आधीच्या एका गृहस्थांनी 'तुले पाहून घेईन' याचं इंग्रजी 'मी तुझ्याकडे बघेन' असं केलं होतं. धमकीच्या खटल्यात धमकीच उरली नाही. दुसऱ्या एका कागदात 'कानाखाली जाळ काढला' याचं त्यांनी खरोखरच आग लावली असं करून ठेवलं होतं, आणि वरून विचारणा आली होती की भाजल्याचा वैद्यकीय दाखला का जोडलेला नाही. हे किस्से मी नव्या लोकांना हसत हसत सांगायची. माझ्या हातून असं होणार नाही, अशी माझी पक्की खात्री होती.

तो कागद वाचल्यावर मी फाईल काढली. प्रकरण देविदासचं होतं. देविदास बाभुळगाव तालुक्यातला, वणीच्या बाजूला कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर. मुकुटबनच्या रस्त्यावर संध्याकाळी त्याच्या ट्रकखाली सायकलवरचा एक गवंडी सापडला आणि जागच्या जागी गेला. लोक जमले, दगड उचलले गेले, देविदास शेतातून पळाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःहून ठाण्यात हजर झाला. तोवर रक्ततपासणीला काही अर्थ उरला नव्हता. निष्काळजीपणानं माणूस मारणं वेगळं आणि पिऊन, समजूनउमजून गाडी हाकून मारणं वेगळं. पहिल्याला शिक्षा थोडी, दुसऱ्याला फार मोठी. देविदासला दुसरी लागली होती, आणि तिचा सगळा भार एका साक्षीवर होता. अपघाताच्या अर्ध्या तासाआधी तो ज्या ढाब्यावर जेवला, तिथं भाकरी करणाऱ्या पोशव्वा नावाच्या बाईची साक्ष.

मूळ साक्षीत लिहिलं होतं, 'आरोपीने जेवणाआधी दारू घेतली.' आणि उलटतपासणीत, 'बाटली लहान होती. त्याने झाकणात ओतून झाकणभर दारू घेतली.'

दारूला मी एरवी इंग्रजीत नेहमी 'लिकर' लिहायची. त्या दिवशी 'वाईन' का लिहिलं, ते मला आजही नेमकं सांगता येत नाही. टेबलावरच्या जुन्या शब्दकोशात दारूपुढं वाईन हा एक अर्थ होता. शिवाय आमच्याकडं यवतमाळपासून वणीपर्यंत ज्या दुकानांवर 'वाईन शॉप' अशी पाटी असते, तिथं द्राक्षाचा थेंब मिळत नाही, पण व्हिस्की, रम, बियर सगळं मिळतं. डोळ्यांना ती पाटी रोज दिसत होती. चाळीस पानं त्याच दिवशी द्यायची होती आणि हाताला जो शब्द आधी आला तो लिहिला. पण खरी लाज मला वाईनची वाटली नाही. 'झाकणभर' हा शब्द मी भाषांतरित केला, टाईप केला, तपासला, त्याखाली सही केली आणि एकदाही थांबले नाही. दारू झाकणानं मोजून कोण पितं?

आमचे अधीक्षक ढोके साहेब मनानं चांगले. ते म्हणाले, मॅडम, दोन ओळी लिहा. मूळ शब्द दारू, वाईनऐवजी लिकर वाचावे, चूक अनवधानाची. प्रकरण मिटेल. माझ्या बढतीची फाईल त्याच महिन्यात वर जाणार होती, हेही त्यांनी आडून सुचवलं.

दोन ओळी मी लिहिल्याही. मग सहीच्या आधी मूळ साक्षीचं शेवटचं पान पुन्हा पाहिलं. तिथं तळाशी बारीक अक्षरात होतं, साक्षीदारास मराठी बोलता येत नाही, साक्ष तेलगूत झाली, दुभाष्याचं काम राजन्ना यांनी शपथेवर केलं. म्हणजे 'दारू' हा पोशव्वाचा शब्दच नव्हता, तो राजन्नाचा होता. माझी वाईन त्याच्यावर चढवलेली दुसरी वीट.

मी ते दोन ओळींचं पत्र फाडलं.

राजन्नाला मी ओळखत होते. कोर्टाच्या आवाराबाहेर त्याचं चहाचं दुकान. माणूस मूळचा पैनगंगेपलीकडचा, इकडं येऊन वीस-पंचवीस वर्षं झालेली. तेलगू साक्षीदार आला की शिपाई बाहेर येऊन त्याला हाक मारायचा, तो हात पुसून आत जायचा, शपथ घ्यायचा आणि काम झालं की परत स्टोव्हपाशी. कोलामी, गोंडी, बंजाऱ्यांची गोरबोली, सगळ्यांसाठी अशीच हाक मारून माणसं आणलेली असत. वर्षानुवर्षं असंच चालत आलेलं होतं आणि त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

खटल्याबद्दल त्याच्याशी बोलायचा मला अधिकार नव्हता. म्हणून मी दुकानात जाऊन एका शब्दापुरतंच विचारलं.

"राजन्ना, तेलगूत दारूले काय म्हणता?"

"मंदू," तो म्हणाला.

"आन् औषधाले?"

"मंदूच." तो चहा गाळत होता. गाळणी हातात तशीच राहिली. "एकच हाय न मॅडम ते. बंदुकीत भरतेत त्यालेई मंदू. जसा मोका, तसा अर्थ."

त्यानं गाळणी खाली ठेवली. मग आवाज खाली करून म्हणाला, "त्या दिवशी साहेबानं इचारलं, ड्रायव्हरनं काय घेतलं. बाई म्हणली, मंदू. ड्रायव्हर, ढाबा, एक्सिडेन. मी दारू म्हणलं. कोन्ता मंदू, हे मले कोनी इचारलं नाही, आन् मी तिले इचारलं नाही."

मी तरी वेगळं काय केलं होतं?

पुढचे चार दिवस कचेरी सुटली की मी कॉलेजच्या ग्रंथालयात बसले. कोर्टात 'मला असं वाटतं' चालत नाही, आधार दाखवावा लागतो. पहिल्यांदा वाईन हा शब्दच नीट धरला. तो लॅटिनमधल्या 'विनुम'वरून इंग्रजीत आला. द्राक्षाच्या वेलीला इंग्रजीत 'वाईन'च्याच जवळचं 'व्हाइन' हे जे नाव आहे, तेही त्याच मुळाचं. आपण चायनीजच्या गाडीवर ज्याला विनेगर म्हणतो तो शब्द म्हणजे फ्रेंचांची 'आंबलेली वाईन'. ग्रीक, हिब्रू, आर्मेनियन, जॉर्जियन, सगळ्या जुन्या भाषांत या शब्दाचे सख्खे-चुलत भाऊ आहेत, आणि कोणी कोणाकडून घेतला यावर पंडितांचं अजून एकमत नाही. पण एका गोष्टीवर सगळे कोश ठाम होते. वाईन म्हणजे मुळात द्राक्षाची. दुसऱ्या कशाची असली तर तसं नाव आधी जोडावं लागतं. मराठी बायबल करणाऱ्यांनी त्याला सरळ 'द्राक्षारस' म्हटलं, आणि वैद्यांचं द्राक्षासव त्याच्याच जवळचं.

मग दारू पाहिला. तो फारसीतून आलेला, आणि तिथं त्याचा अर्थ चक्क औषध. आपल्या 'दवादारू'मध्ये तो अर्थ अजून जिवंत आहे. दारूगोळ्यात तो बंदुकीची पूड झाला. नुसता उभा राहिला की आता बाटली. तेलगूतल्या मंदूनं हाच प्रवास केलेला, औषध, पूड आणि बाटली. दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण माणसं दोन्हीकडं सारखीच. पिणाऱ्यानं कधीतरी पहिल्यांदा 'औषध घेतो' म्हटलं असणार, आणि मग भाषेनं त्याचं ऐकलं.

खुलासा तीन पानांचा झाला. त्यात मी लिहिलं, की 'वाईन' हे भाषांतर सर्वस्वी चुकीचं आहे आणि चूक माझी आहे. परंतु त्या जागी 'लिकर' लिहिलं तरी ते बरोबर होईल असं मला प्रमाणित करता येत नाही. साक्षीदार तेलगूत बोलली. तेलगूतला जो शब्द दारूसाठी वापरतात तोच औषधासाठीही वापरतात. तिचा मूळ शब्द नोंदीवर नाही. 'झाकणात ओतून' हे वर्णन लक्षात घेता शंकेला जागा आहे.

ढोके साहेबांनी ती पानं दोनदा वाचली. म्हणाले, "मॅडम, हे तर आपण आपल्याच घरावर दगड मारून राह्यलो."

मी म्हटलं, "साहेब, सही माझी आहे. तुमच्या घरावर नाही पडणार."

ते थोडे दुखावले, पण कागद अडवला नाही. मला ज्ञापन मिळालं, गोपनीय अहवालात 'निष्काळजी' हा शब्द चढला आणि बढती लांबणीवर पडली. शब्द बरोबर होता, म्हणून मी त्यावर दाद मागितली नाही.

नंतर कळलं ते असं. वरच्या कोर्टात ती फाईल वाचणाऱ्यांना बाकी कशात खटकलं नव्हतं. कोळशाच्या रस्त्यावरच्या ढाब्यात, झाकणानं मोजून वाईन पिणारा ड्रायव्हर, एवढंच खटकलं. मी नेहमीसारखं 'लिकर' लिहिलं असतं तर कुणी नजर वर केली नसती आणि देविदास सगळी शिक्षा भोगून बाहेर आला असता. याचा अभिमान बाळगावा असं त्यात काही नाही. पण मी हे लपवतही नाही.

वरून आदेश आला, पोशव्वाची साक्ष नव्यानं नोंदवावी, तीही तेलगू नीट जाणणाऱ्या माणसाकरवी आणि तिचे शब्द जसेच्या तसे लिहून. आदेश आला पण पोशव्वा कुठं होती? ढाबा बंद पडलेला. समन्स दोनदा परत आलं, शेरा एकच, 'सदर इसम गावात राहत नाही'. तिसऱ्यांदा असंच झालं तर आहे त्या कागदांवर निकाल होणार होता.

त्याच सुमारास देविदासची बायको शोभा माझ्या टेबलापाशी आली. बारीक अंगाची, पायात रबरी चप्पल, हातात कागदांची पिशवी. वकिलाकडून तिला कळलं होतं, की कुण्या बाईनं वर काहीतरी लिहून पाठवलं आहे. तिनं मला हात जोडले नाहीत की ती रडली नाही. म्हणाली, "मॅडम, तो पेला नोता. खोकला होता त्याले आठ दिवसापासून. मी सोता बाटली देल्ली होती डब्यासंगं. त्यानं कोर्टात सांगतलंई. पण आरोपी असंच म्हणते, असं म्हणे सरकारी वकील."

मी तिला सांगितलं की मी तिच्याशी खटल्याबद्दल बोलू शकत नाही. पण कायदा सगळ्यांना सांगता येतो, म्हणून एवढं सांगितलं, की साक्षीदाराचा खरा पत्ता कोणत्याही पक्षानं वकिलामार्फत कोर्टाला दिला तर चालतो. आणि बजावलं, की साक्षीदाराशी साक्षीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. बोललीस तर साक्ष गेली.

"इचारीन फक्त कुठं राह्यते," ती म्हणाली.

दिवस मिरची तोडण्याचे होते. शोभानं मुकुटबनपासून सुरुवात केली. तेलगू बाया ज्या ज्या शेतात मिरचीला येतात त्या शेतांच्या बांधावर ती जाऊन उभी राहायची. तिला तेलगू येत नव्हतं. ती फक्त 'पोशव्वा' म्हणायची आणि हातानं भाकरी थापून दाखवायची. पोशव्वा हे नाव त्या भागात घरटी एक. तिनं पाच पोशव्वा पाहिल्या आणि सोडून दिल्या. असे एकोणीस दिवस गेले. स्वतःच्या घरचा कापूस तसाच बोंडात राहिला, तिच्या सासूनं निरोपावर निरोप पाठवले, ही परत गेली नाही. शेवटी नदीपलीकडच्या एका गावात, मिरची वाळत घातलेल्या खळ्यावर, एका बाईनं भाकरीची खूण पाहून मान हलवली आणि आपल्या छातीवर हात ठेवला.

शोभानं तिच्या गावाचं नाव तिथल्या शाळेच्या मराठी येणाऱ्या मास्तरांकडून लिहून घेतलं, पाणी प्याली आणि उठली. पत्ता वकिलाला दिला. हे सगळं तिनं मला सांगितलं ते निकालानंतर.

साक्षीच्या दिवशी मलाही हजर राहायला सांगितलं होतं. मी मागच्या बाकावर बसले. दुभाषी म्हणून तेलगू शिकवणारे एक निवृत्त प्राध्यापक आले होते. पोशव्वा पन्नाशीची, ठसठशीत कुंकू, पिंजऱ्यात उभी राहिली ती न घाबरता. इकडं शोभा एका भिंतीला, आणि दुसऱ्या भिंतीला मेलेल्या गवंड्याची बायको. तिला मी त्या दिवशी प्रथमच पाहिलं.

प्रश्न जुनाच होता. ड्रायव्हरनं जेवणाआधी काय घेतलं?

"मंदू."

स्टेनोनं तो शब्द तसाच लिहिला. न्यायाधीशांनी प्राध्यापकांकडं पाहिलं. प्राध्यापकांनी तिला विचारलं, कोणता मंदू?

"दग्गु मंदू," ती म्हणाली, आणि मूठ तोंडाशी नेऊन खोकून दाखवलं.

"खोकल्याचं औषध," प्राध्यापक म्हणाले.

मग ती आपणहून बोलत राहिली आणि प्राध्यापक वाक्यावाक्यानं सांगत राहिले. माणूस सारखा खोकत होता. लाल रंगाची लहान बाटली होती. त्यानं झाकणानं दोनदा घेतलं. मीच त्याला वरून प्यायला गरम पाणी दिलं. आमच्या ढाब्यावर पिणारे येत, ते मला कळतात, माझा नवरा पिण्यानंच गेला. सरकारी वकिलांनी विचारलं, की आरोपीच्या बायकोनं तुला हे पढवलं का. तिचं उत्तर आलं, की त्या बाईनं माझ्या गावाचं नाव विचारलं, दुसरं तिला माझ्याशी काही बोलताच येत नव्हतं. मग मागच्या वेळी हे का सांगितलं नाहीस, असं विचारल्यावर ती न्यायाधीशांकडं वळली आणि थोडं चिडूनच काहीतरी म्हणाली. प्राध्यापकांनी जरा थांबून भाषांतर केलं, "मागच्या वेळीही मी हेच सांगितलं होतं."

बाहेर व्हरांड्यात गवंड्याच्या बायकोनं मला गाठलं. कोणीतरी तिला बोट करून दाखवलं असावं. मला वाटलं, ही आता मला बोलणार, आणि बोलली असती तर मी ऐकून घेणार होते.

ती म्हणाली, "बाई, माहा माणूस तं गेलाच. पण एका दारुड्यानं मारला, असं मले तीन वर्षं सांगतलं. तेच मी पोराईले सांगत आली. रोज शिव्या देल्ल्या त्या माणसाले. आता पोराईले काय सांगू?"

मी म्हटलं, जे आज ऐकलं तेच सांगा.

"तुमी तं लिवून मोकळ्या झाल्या," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. दुरुस्तीचा कागद वर गेला, पण तिच्या घरात तीन वर्षं जे शब्द बोलले गेले ते कोणत्या कागदानं खोडायचे?

अपिलाचा निकाल लागला. देविदास पिऊन होता हा ठपका पुसला गेला. निष्काळजीपणा मात्र राहिला. संध्याकाळच्या धुळीत त्यानं वेग कमी करायला हवा होता, असं निकालात आहे आणि ते रास्त आहे. भोगली तेवढी शिक्षा पुरे धरून त्याला सोडलं.

सुटल्यावर पंधरा दिवसांनी तो शोभाबरोबर कचेरीत आला. सावळा, खांद्यात वाकलेला माणूस, डोळ्याला डोळा न देणारा. त्याच्या हातात निकालाची नक्कल होती. ती इंग्रजीत. त्याला ती त्याच्या मोठ्या भावाला वाचून दाखवायची होती. भावानं अख्ख्या आयुष्यात सुपारी खाल्ली नव्हती, आणि याला शिक्षा लागली त्या दिवसापासून तो याच्या तुरुंगाकडं फिरकला नव्हता.

मी मधल्या सुट्टीत कोरा कागद घेतला आणि निकालातला तेवढा उतारा मराठीत उतरवला. 'आरोपीने दारू प्राशन केल्याचे सिद्ध होत नाही' असं एक वाक्य होतं. मी वाचून दाखवल्यावर देविदास पहिल्यांदाच नीट बोलला.

"मॅडम, तो शब्द टाकू नका. भाऊ तेवढाच शब्द धरून बसन. औषध घेतलं होतं, असं लिवा."

मी त्याला समजावलं, की निकालात जे आहे ते मला बदलता येत नाही. एकदा बदललं त्याचं काय झालं, ते तू पाहिलंस. मात्र त्याच निकालात खाली साक्षीचं वाक्य होतं, आरोपीने खोकल्याचे औषध घेतले. ते मी वरती घेतलं, दुसरं वाक्य खाली ठेवलं, आणि दोन्ही शब्दाला शब्द लावून लिहिली. तो कागद त्यानं चारदा घडी करून खिशात ठेवला. भावानं पुढं काय केलं ते मला कळलं नाही. शोभा पुन्हा भेटली तेव्हा मीही विचारलं नाही.

माझ्यासाठी हे प्रकरण इथं संपलं नाही. राजन्नासारखी हाक मारून आणलेली माणसं रोज आत येतच होती. मी अर्ज लिहायला बसले. साक्षीदार ज्या भाषेत बोलेल त्या भाषेतला महत्त्वाचा शब्द देवनागरीत तसाच नोंदवावा, मग त्याचा अर्थ. दुभाष्यांची यादी आधीच तयार ठेवावी. आणि त्यांना शपथेबरोबर एवढंही सांगावं, की शब्द येत नसेल तर तसं म्हणायला हरकत नाही. पहिला अर्ज 'नोंद घेतली' असा शेरा होऊन परत आला. दुसरा हरवला. तिसऱ्यावर विचारणा झाली, की अनुवादकाला याच्याशी काय करायचं आहे. दर नव्या साहेबांकडं मी नवी प्रत घेऊन जायची. ढोके साहेब निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात ते म्हणाले, मेश्राम मॅडमचा अर्ज मी सात वेळा पुढं पाठवला, आता आठव्यांदा दुसऱ्यांनी पाठवावा. लोक हसले. मीही हसले, आणि सोमवारी आठवा अर्ज दिला.

एक साहेब आले, त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. आमच्या कोर्टापुरता का होईना, तसा लेखी आदेश निघाला. यादीत राजन्नाचंही नाव होतं. तो नको म्हणत होता, मीच त्याला घालायला लावलं. चूक काय असते हे त्याच्याएवढं दुसऱ्या कुणाला माहीत असणार होतं?

माझ्या निवृत्तीला चार दिवस उरले होते. मारहाणीच्या खटल्यात झरीकडची एक कोलाम म्हातारी साक्षीला आली. दुभाष्या म्हणून त्यांच्याच बाजूचा एक अंगणवाडी सेविकेचा नवरा होता, साधासुधा माणूस, पहिल्यांदाच उभा राहिलेला. म्हातारी बोलत गेली, तो सांगत गेला. मग एका जागी ती एक शब्द बोलली आणि तो गप्प झाला. सगळं कोर्ट त्याच्याकडं पाहू लागलं. सरकारी वकिलांनी घड्याळ पाहिलं. एक जण मागून पुटपुटला, सांग न बे काहीतरी.

त्यानं एकदा म्हातारीकडं पाहिलं, मग न्यायाधीशांकडं.

"साहेब," तो म्हणाला, "हा शब्द मले येत नाही."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "मग ज्याला येतो तो येईपर्यंत थांबू," ते म्हणाले, आणि म्हातारीला बसायला खुर्ची द्यायला सांगितली.